आईला न आवडणारी मांजरं

आमच्या आईला मांजरं आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण जबलपूरच्या अधारताल भागातल्या आमच्या घरी आजही जे कोणी येतात, ते मागच्या जाळीच्या पडवीत फळीवर ठेवलेला आईचा फोटो पाहून म्हणतात, "माताजी को बिल्लियों से बड़ा प्रेम रहा होगा." मी मान हलवते आणि सोडून देते. उभ्या उभ्या आलेल्या माणसाला काय काय समजावणार. पण इथे लिहायला बसले आहे तर खरं ते लिहावं. आईला मांजराचा वास सहन होत नसे. लुगड्याला केस चिकटले की ती ओल्या फडक्यानं पुसत बसे आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राही. मांडीवर मांजर घेऊन बसलेली आई मी जन्मात पाहिली नाही. आणि तरीही, कोणालाच नको असलेली, कुठेच जाऊ न शकणारी जी मांजरं आमच्या घरात वर्षानुवर्षं राहिली, ती तिच्याच हातांवर जगली.

आणली मात्र सगळी बाबांनी. बाबा सरकारी जनावरांच्या दवाखान्यात अटेंडंट होते. दवाखान्यात येत त्या गाई-म्हशी, शेळ्या, एखाद्या साहेबाचा कुत्रा. मांजर क्वचित येई, आणि आलं की बहुतेक वेळा पिशवीतून येई. आणणारा सांगे, "ज़रा देख लीजिए, हम अभी आते हैं," आणि तो माणूस परत काही दिसत नसे. त्यातली धडधाकट मांजरं बाबा मेन रोडवरच्या किराणा दुकानदारांना देऊन टाकत. गल्ल्यावरचे शेठजी उंदरांपायी खुशीनं घेत. उरत ती उंदीर धरू न शकणारी. ती बाबांच्या सायकलच्या हँडलला अडकवलेल्या झोळीतून घरी येत. बाबांचं वाक्य ठरलेलं असे, "दोनच दिवस राहू दे." आई म्हणे, "तुमचे दोन दिवस मले माहीत आहेत." आणि जुन्या पोत्याचा तुकडा शोधायला आत जाई.

घर आमचं लहान. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे लांबट पडवी. बाबांनी पडवीला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी ठोकली होती. खाली लाल सिमेंटची फरशी, भिंतीशी पोती, कोपऱ्यात वाळू भरलेली दोन घमेली. मी सोळा वर्षांची होते त्या वर्षी तिथे चार मांजरं होती. मी त्यांना सिनेमातली नावं द्यायची, आई त्यांच्या दुखण्यावरून हाक मारायची, आणि शेवटी आईचीच नावं टिकली. आंधळी जन्मापासून आंधळी होती आणि पडवीचा कोपरा न् कोपरा तिला पाठ होता. घमेलं हातभर सरकवलं तरी ती येऊन त्यावर आदळे, म्हणून पडवीतली एकही वस्तू हलवायची नाही असा नियम होता. डुलडुल्याचं डोकं आणि पाय सतत हलत. चालायला लागला की दोन पावलांत आडवा होई, उठे, पुन्हा आडवा होई, पण वाटीपर्यंत पोचल्याशिवाय थांबत नसे. लाळ्याचा खालचा जबडा कुठल्या तरी गाडीखाली गेला होता. त्याला आई सगळं पातळ करून भरवायची. आणि चौथा सरपट्या. पिवळा, मोठ्या डोक्याचा बोका. त्याच्या कमरेत कोणीतरी काठी घातली होती. मागचे दोन्ही पाय गेलेले. तो पुढच्या दोन पायांवर अंग ओढत फिरायचा.

त्या ओढण्याचा आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे. सकाळी फॅक्टरीचा भोंगा व्हायचा, मेन रोडवर शहरातल्याच गोरखपुर भागाकडे जाणारे टेम्पोवाले "गोरखपुर, गोरखपुर" ओरडायला लागायचे, शेजारच्या दुबे चाचींच्या रेडिओवर भजन सुरू व्हायचं, आणि या सगळ्याच्या खालून फरशीवर सर्र, सर्र करत सरपट्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा. घासून घासून त्याच्या मांड्यांना जखमा व्हायच्या, म्हणून आईनं त्याला जुन्या फ्लॅनेलची चड्डी शिवली होती, खालून फाटक्या चपलेच्या चामड्याचा तुकडा लावलेली. अशा तीन चड्ड्या होत्या. दोरीवर आमच्या कपड्यांच्या शेवटाला त्या वाळत असत आणि गल्लीतले लोक हसत. आई म्हणे, "हासू दे. त्याईले काय, त्याईचे पाय चालतात."

आईचं माहेर अमरावतीकडचं, महानुभाव पंथाचं. मांसमच्छीचं नाव घरात काढायचं नाही. पण मांजरांना मासा लागतो हे बाबांनी सांगितल्यावर तिनं वाद घातला नाही. बरगीकडून रज्जोबाई आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन यायची, त्यातले बारके मासे आई पानात घ्यायची. अंगणात एक वेगळी शेगडी, एक वेगळं काळं पातेलं, एक वेगळी पळी. नाकाला पदर लावून, तोंड फिरवून ती ते मासे भाताबरोबर शिजवायची, थंड करून एकेक काटा बोटांनी काढायची, आणि मग न्हाणीत जाऊन डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय आमच्या चुलीला शिवायची नाही. थंडीतसुद्धा. त्यानंतर आमचा स्वयंपाक व्हायचा, ज्वारीची भाकर, कढी-गोळे, कधी पातोड्यांची भाजी. कढीला जिऱ्याची फोडणी पडली की माशाचा वास घरातून निघून जायचा. आज माझ्याकडे मांजरांचं पाकीटबंद खाणं येतं, पाकिटं फाडली की झालं. पाकीट फाडताना मला दर वेळी ती अंघोळ आठवते.

पण मासे शिजवणं हे सोपं काम होतं. अवघड होतं ते सरपट्याचं पोट. कमरेखालचं सगळं मेलेलं, त्यामुळे त्याला लघवी आपली आपण होत नसे. दिवसातून तीन वेळा कोणीतरी हातानं दाबून काढावी लागे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते बाबांना दाखवलं होतं, पण बाबांच्या उजव्या हाताची बोटं एका म्हशीच्या लाथेनं मोडून वाकडी जुळली होती. त्यांना ते जमेना. म्हणून आई शिकली. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. ती सरपट्याला न्हाणीच्या उंबऱ्याशी उभा धरायची, एक हात पोटाखाली, दुसरा वरून, डोळे समोरच्या भिंतीवर, आणि चेहऱ्यावर असा भाव की बँकेच्या रांगेत उभी आहे. मिनिटभरात काम व्हायचं. मग पुसायचं, चड्डी बदलायची, हात साबणानं दोनदा धुवायचे. एखाद्या दिवशी तिला ताप असो, घरात पाहुणे असोत, भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले की ती उठायची.

मी मात्र या मांजरांवर जीव टाकायचे. शाळेतून आले की दप्तर फेकून पडवीत. डुलडुल्याला मांडीत घेऊन गाणी म्हणायचे, आंधळीच्या गळ्यात रिबीन बांधायचे, सरपट्याच्या कपाळाचे मुके घ्यायचे. गल्लीतल्या पोरी मला "बिल्ली दीदी" म्हणायच्या आणि मला ते आवडायचं. मला वाटायचं, आई हे सगळं नाइलाजानं करते, खरं प्रेम काय ते माझं. सोळाव्या वर्षी माणसाला असं बरंच काही वाटतं.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला अमरावतीहून तार आली की मोठा मामा आजारी आहे. आईला आठ दिवसांसाठी जावं लागणार होतं. जायच्या आधी चार दिवस तिनं मला शिकवायला घेतलं. आधी लोकरी मोज्यात पाण्यानं भरलेला फुगा घालून त्यावर, मग सरपट्यावर. तिचा हात माझ्या हातावर. "जोर नाही करायचा. आधी लघवीची पिशवी शोधाची. लिंबाएवढं लागलं का? मंग ठीक. संत्र्याएवढं लागलं तर समज उशीर झाला. दाबत रहाचं, हळूहळू, मागं शेपटीकडं. रिकामं झाल्याशिवाय सोडाचं नाही." मला जमलं. पहिल्यांदा एकटीनं केलं तेव्हा मी बाबांना ओरडून सांगितलं. आई म्हणाली, "चार दिवस केल्यावर सांगजो."

चार दिवस मी केलं, अगदी घड्याळाच्या काट्यावर. पाचवा दिवस रविवार होता. मीना दुबे, शेजारच्या दुबे चाचींची मुलगी, सकाळीच आली. तिच्या बाबांच्या फॅक्टरीतल्या कुटुंबांची बस बरगीच्या धरणावर सहलीला चालली होती आणि एक जागा रिकामी होती. मी जबलपुरात जन्मले, पण धरण पाहिलं नव्हतं. बाबांची त्या दिवशी दुपारची ड्यूटी. मी त्यांना म्हटलं, "सातचं झालं आहे. मी दोनपर्यंत परत येते." मीनानं सांगितलं होतं की बस धरणावरून संध्याकाळी परत निघणार. ते मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, एका दिवसानं काय होतं.

धरणावर फार मजा आली, हे खोटं कशाला सांगू. नावेत बसलो, आलू-पुरी खाल्ली, पाण्यावरचा वारा अंगात भरला. दोन वाजले तेव्हा मी कोणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. परत येताना बसचं चाक पंक्चर झालं. घरी पोचले तेव्हा आठ वाजले होते. पडवीत सर्र आवाज नव्हता. सरपट्या पोत्यावर एका कुशीवर पडला होता. मी पोटाखाली हात घातला तर हाताला टणक, मोठं काहीतरी लागलं. मी घाबरून दाबलं, जोरात दाबलं. तो असा ओरडला की मी हात काढून घेतला, आणि त्यानं माझ्या अंगठ्याला चावा घेतला. तो कधी कोणाला चावत नसे. थोडीशी लघवी झाली. मी स्वतःला सांगितलं, झाली. पाचच मिनिटांत बाबा सायकल टेकवून आत आले आणि सहज विचारलं, "दुपारचं झालं ना बेटा?" मी म्हटलं, "झालं."

पुढचे दोन दिवस मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही. सोमवारी सकाळी फडक्यावर लाल डाग आला. मी फडकं फिनाइलच्या पाण्यात बुडवून ठेवलं. पोट दाबायची मला भीती बसली होती. हात लावायचे, थोडं येई, की सोडायचे. मंगळवारी त्यानं खाणं सोडलं. बाबांनी विचारलं, तर मी म्हटलं, उन्हानं असेल. त्या दिवसांत गावागावांतून खुरपक्याची, म्हणजे लाळ-खुरकूत झालेली जनावरं येत होती, बाबा थकून यायचे, त्यांनी मान्य केलं. मी सरपट्याजवळ बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते, रडत होते, गाणं म्हणत होते. सगळं करत होते, फक्त करायचं ते सोडून.

आई बुधवारी यायची होती, ती मंगळवारीच संध्याकाळी आली. मामाला जरा बरं वाटलं म्हणून एक दिवस आधी निघाली होती. पिशवी दारात ठेवली, पाय धुतले आणि पाणीसुद्धा न पिता पडवीत गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं सरपट्याच्या पोटाखाली हात घातला आणि तो तसाच राहू दिला. मग दोरीवरच्या फडक्यांकडे पाहिलं. एक वाळलेलं फडकं हातात घेऊन उजेडाकडे धरलं. डाग पूर्ण निघाला नव्हता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

बाबा मागून आले. "पोरीनं तर वेळेवर केलं सगळं," ते म्हणाले. "मी रोज विचारलं."

आई माझ्याकडे पाहत राहिली, मग बाबांना म्हणाली, "रिक्षा आना."

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर घरी निघायच्या बेतात होते. टेबलावर ठेवून त्यांनी सरपट्याला तपासलं. हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं. "कितने घंटे रुका रहा?" त्यांनी विचारलं.

"साहब, टाइम से हुआ है," बाबा म्हणाले. "बिटिया ने तीनों टाइम किया है."

"टाइम से हुआ है तो फिर रुकावट अंदर है. पथरी होगी. खोलना पड़ेगा." डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. "इस हालत में बचेगा कि नहीं, कह नहीं सकता. लेकिन पथरी है तो और रास्ता भी नहीं."

बाबा हत्यारांची ताटली आणायला वळले. ते त्यांचं रोजचं काम. मला ताटलीचा आवाज आला. आई भिंतीशी उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मुद्दाम पाहत नसावी. मला एवढंच समजलं की मुतखडा समजून, माझ्या खोट्यावरून, आता याचं पोट फाडणार आहेत. मी म्हटलं, "पथरी नहीं है, डॉक्टर साहब. इतवार को मैं बरगी गई थी. सुबह सात से रात आठ तक किसी ने नहीं किया. फिर मुझसे ठीक से हुआ नहीं. लाल आ रहा था. मैंने छुपाया."

डॉक्टरांनी सरपट्याच्या पोटावरचा हात काढला. मग म्हणाले, "पहले बोलना था, बेटा," आणि बाबांना म्हणाले, "पतली नली लाओ. खोलना नहीं है." बाबा ताटली हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कळलं होतं. मग ते नळी आणायला गेले.

नळीनं पोट रिकामं केलं, कातडीखाली सलाइन दिलं, औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस काही सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात आई, मी आणि झोळीतला सरपट्या. बाबा सायकलवर मागून. घरी आल्यावर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. ते कधी ओरडत नसत, पण कामावरून आले की "बेटा, पाणी" म्हणत. त्या दिवसांत त्यांनी स्वतः माठातून घेतलं.

आईनं सगळं पुन्हा हातात घेतलं. दर दोन तासांनी पोट, ड्रॉपरनं साखर-मिठाचं पाणी, औषध कुटून. मी लांबून पाहायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटून आले तर ती पडवीत पोत्यावर बसली होती, सरपट्याचं डोकं तिच्या गुडघ्याला टेकलेलं, मांडीवर नव्हे, गुडघ्याला. ती त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होती आणि तोंड थोडं बाजूला फिरवून होती, वासामुळे. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "तुला तर मांजरं आवडत नाहीत. मग तू एवढं काहून करतेस?"

"आवडाचं काय त्यात?" ती म्हणाली. "त्याले तहान लागली हे तर खरं आहे ना. माझं आवडनं-नावडनं थोडी त्याच्या पोटात जाते."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "मला आवडतात. आणि मीच त्याला मारायला निघाले होते."

आईनं ड्रॉपर वाटीत ठेवला. पुढे स्वयंपाकघराकडे पाहिलं, बाबा घरात नाहीत याची खात्री केली. मग म्हणाली, "तू लहान होती. दोन-अडीच वर्साची. तुझ्या बाबानं पयलं पिल्लू आनलं होतं. डोळे न उघडलेलं. दर दोन तासाले दूध पाजाचं, असं सांगून गेले. मले किळस आली. हातच लावाले नाही झाला. टोपलीत ठेवलं, वरून फडकं टाकलं. म्हटलं, आज नाही, उद्या पाहू. ते दिवसभर बोलत होतं. संध्याकाळी बंद झालं." तिनं पुन्हा ड्रॉपर उचलला. "तुझे बाबा आले तर म्हटलं, पाजत होती, पन टिकलं नाही. तेच रडले. मलेच म्हणत होते, तू किती केलं त्याच्यासाठी."

पडवीत डुलडुल्या आडवा झाला, उठला.

"बाबांना माहीत नाही?"

"नाही. अजून नाही सांगू शकली." तिनं सरपट्याच्या तोंडात आणखी एक थेंब सोडला. "तू डॉक्टरसमोर सांगून टाकलं. बापासमोर. मले ते जमलं नव्हतं."

हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. बाबांना मी कधी सांगितलं नाही. ते गेले, मग आई गेली, आणि आता सांगितल्यानं कोणाचं काही बिघडणार नाही. उलट तो फोटो पाहून मान डोलावणाऱ्या सगळ्यांना हे कळावं असं मला अलीकडे फार वाटतं. माझ्या चुलत भाच्याच्या मुलांना मराठी समजतं पण उत्तर हिंदीत येतं. त्यांनी कोणाकडून तरी हे वाचून घ्यावं. मी स्वतः सगळी शाळा हिंदीत शिकले. मराठी लिहायला मला आईनंच शिकवलं, किराणाच्या याद्या लिहायला लावून, आणि ज्या भाषेत तिनं मला ते सांगितलं तीच भाषा इथे वापरायची होती.

ते सांगून झाल्यावर तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल, हात धू."

"मी नाही करत."

"काहून?"

"माझ्या हातून पुन्हा काही झालं तर."

"मंग कोन करन? माझ्या एकटीच्यानं आता नाही होत, कंबर दुखून राहिली." ती उठली, खरंच कमरेवर हात ठेवून उठली. सरपट्याला उचलून न्हाणीच्या उंबऱ्याशी आणलं. मी हात धुतले. तिनं या वेळी माझ्या हातावर हात ठेवला नाही. बाजूला बादलीवर बसून राहिली. मी शोधलं. सापडलं, लहान, मऊ. दाबत राहिले, हळूहळू. सरपट्या एकदा वळून माझ्या अंगठ्याचा वास घेऊ लागला, चावलेल्या ठिकाणाचा, आणि मला वाटलं, आता परत चावणार. तो चावला नाही. पूर्ण रिकामं होईपर्यंत मी सोडलं नाही. रंग अजून गुलाबीच होता. आईनं फडकं माझ्याकडे दिलं. "आज रात्री बी तूच," एवढंच म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी रंग स्वच्छ आला. मी फडकं घेऊन पुढच्या खोलीत बाबांना दाखवायला गेले. ते दाढी करत होते. त्यांनी फडकं हातात घेतलं, खिडकीशी नेऊन नीट पाहिलं, परत दिलं आणि आरशात पाहत म्हणाले, "बेटा, पाणी आण." मी गरम पाण्याचा गडवा आणला. संध्याकाळी ते कामावरून आले तेव्हा सायकलच्या झोळीत मांजर नव्हतं, पुडा होता. खव्याची जलेबी. आईनं एक तुकडा घेतला, मला दोन मिळाले, आणि एक चिमूटभर खवा बाबांनी डॉक्टरांच्या मनाईला न जुमानता सरपट्याला चाटवला. आई रागावली. त्या दिवशी घरात पुन्हा नेहमीसारखं सुरू झालं.

सरपट्या त्यानंतर चार वर्षं जगला. पोट त्याचं नाजूक झालं ते झालंच, पाणी जास्त पाजावं लागे, आणि ते माझ्या चुकीमुळे हे मला रोज दिसे. त्याबद्दल कोणी मला कधी टोकलं नाही. आज माझ्या पडवीत अशी तीन मांजरं आहेत ज्यांचं पोट हातानं रिकामं करावं लागतं. कोणी हैदराबादहून, कोणी कटनीहून फोनवर व्हिडिओ पाठवून विचारतं, दीदी, कसं करायचं. मी दाखवते. लोक मांजर दत्तक घ्यायला येतात, पांढरं पिल्लू आहे का विचारतात, मी चहा देऊन पडवी दाखवते. बरेच जण चहा पिऊन जातात. एखादा बसून राहतो, हात धुऊ का म्हणून विचारतो. अशी माणसं थोडी असतात, पण असतात, आणि त्यांच्या घरी गेलेल्या मांजरांचे फोटो मला येत राहतात. मी ते आईच्या फोटोसमोर धरून वगैरे दाखवत नाही. तिला त्याचं काही वाटलं नसतं.

त्या वर्षी पावसाळ्याआधी मामाचं पुन्हा बिघडलं. आईला परत जायचं होतं, आणि या वेळी किती दिवस ते ठरलेलं नव्हतं. मी वाट पाहत होते की ती बाबांना माझ्यावर नजर ठेवायला रजा घ्यायला सांगेल, नाहीतर दवाखान्यातल्या कोणाला तरी रोज येऊन जायला सांगेल. सकाळी तिनं भाकरी करून ठेवल्या, पिशवी भरली, देवाला दंडवत घातलं. रिक्षा दाराशी आली. बाबांनी पिशवी ठेवली. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले, ती काहीतरी सांगेल म्हणून. ती रिक्षात बसली, लुगड्याचा पदर आत घेतला. तिनं पडवीकडे मान वळवली नाही, घड्याळाचं नाव काढलं नाही, मला एकही सूचना दिली नाही.

"येते मी," ती म्हणाली. "दार लावून घे. ऊन येऊन राहिलं आत."

रिक्षा मेन रोडला लागेपर्यंत मी उभी राहिले. मग दार लावून घेतलं.